धडपडीचे हिशेबनीस

हॉलिवूडमध्ये कवेंगा बुलेव्हार्डला लागून एक बोळ आहे. दोन्ही अंगांना इमारतींच्या पाठी, मध्ये गाडी जाईल एवढी वाट. मुद्दाम थांबून पाहावं असं तिथं काही नाही. याच बोळात चार्ली चॅप्लिननं ‘द किड’चं (१९२१), बस्टर कीटननं ‘कॉप्स’चं (१९२२) आणि हॅरॉल्ड लॉइडनं ‘सेफ्टी लास्ट’चं (१९२३) थोडंथोडं चित्रीकरण केलं. मूक विनोदपटांतले तीन सर्वांत मोठे नट लागोपाठच्या तीन वर्षांत एकाच बोळातून धावून गेले आणि पुढं कित्येक दशकं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ते ध्यानात आणून दिलं जॉन बेंगटसन या पेशानं वकील असलेल्या माणसानं. चित्रपटाची एकेक चौकट थांबवायची, मागच्या भिंतीवरची पाटी, खिडकीची कमान, सावलीचा कोन टिपायचा आणि जुने नकाशे, जुनी छायाचित्रं यांच्याशी ताडून पाहायचा, हा त्याचा उद्योग. त्यातून कीटनवर २००० साली, चॅप्लिनवर २००६ साली आणि लॉइडवर २०११ साली अशी तीन जाडजूड पुस्तकं झाली. त्यांना वाचक मिळाले. ती हातात घेऊन लॉस एंजेलिसच्या गल्ल्या धुंडाळणारे लोकही निघाले.

शंभर वर्षांपूर्वीचा एक नट कोणत्या भिंतीपाशी वळला होता, हे कळून कुणाचं हसू किती वाढलं, असा प्रश्न यावर सहज पडेल. बारीकसारीक तपशील गोळा करणं म्हणजे रसग्रहण नव्हे, ती नुसती हौस, असं म्हणणारे अभ्यासकही पुष्कळ. मला मात्र वाटतं की मूक विनोदपटाच्या बाबतीत हा तपशीलवेडेपणा हाच रसग्रहणाचा खरा रस्ता आहे आणि त्याचं कारण या कलेच्या घडणीतच आहे. शाब्दिक विनोद भाषेत घडतो. कोटी कळायला ती कुठं उभं राहून केली हे कळावं लागत नाही. मूक विनोद वजनात, उंचीत, अंतरात आणि वेळेत घडतो. माणूस धावत्या मोटारीला एका हातानं धरतो आणि आडवा उचलला जाऊन पडद्याबाहेर निघून जातो (‘कॉप्स’मध्ये कीटननं हे केलं आहे), तेव्हा प्रेक्षकाच्या हसण्यातच एक प्रश्न मिसळलेला असतो: हे खरोखर झालं? कसं झालं? ज्याला या प्रश्नाशिवाय हसू येतं त्यानं अर्धीच गंमत पाहिली. चाहता जे करतो तो याच प्रश्नाचा चिवट पाठपुरावा असतो.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मधलं (१९२८) भिंत कोसळण्याचं दृश्य आता इतकं सर्वपरिचित आहे की त्याबद्दल लिहिताना थोडा संकोच होतो. पण त्याला बगल देता येत नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ नदीकाठी उभारलेलं गाव, वादळ सुटलेलं, कीटन घरासमोर बावरून उभा. घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर पुढं कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी नेमकी तो उभा आहे तिथं येते. तो जागचा हलत नाही. धूळ खाली बसल्यावरच काय झालं ते त्याला कळतं. भिंत खरी वजनदार होती, कारण हलकी भिंत वाऱ्यानं तिरकी झाली असती. खिडकी आणि अंग यांच्यात काही इंचांचीच फट होती. तिथं बदली माणूस नव्हता आणि चित्र मध्येच तोडलेलंही नाही. हे सगळं माहीत नसलेल्या माणसालाही दृश्य आवडतं, कारण दिग्दर्शनानं ते त्याच्यापर्यंत आपोआप पोचवलेलं असतं. कॅमेरा इतका मागं ठेवला आहे की भिंत, माणूस आणि जमीन एकाच चौकटीत दिसावीत. कीटन हा नियम जवळपास कुठंच मोडत नाही. शरीर पणाला लावायचं असेल तेव्हा चित्र तोडायचं नाही आणि जवळून घ्यायचं नाही. म्हणजे पुरावा देणं हा त्याच्या शैलीचाच भाग आहे आणि जो प्रेक्षक पुरावा तपासतो तो कीटनला हवा असलेलाच प्रेक्षक आहे. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) पाण्याच्या टाकीच्या नळाला लोंबकळताना धबधब्याच्या तडाख्यानं तो रुळांवर आदळला. त्या वेळी त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं हे कित्येक वर्षांनी क्ष-किरण तपासणीत उघड झालं. तो प्रसंग आजही चित्रपटात आहे, आणि पडल्यावर उठून धावत जाणारा माणूसही.

आता पहिला आक्षेप. युक्ती कळली की जादू संपते. मग हे लोक आपल्याच हातानं आपला आनंद मारत नाहीत काय? याला सर्वांत चांगलं उत्तर लॉइडच्या ‘सेफ्टी लास्ट’मध्ये आहे, कारण तिथं शोधाचा निकाल उलटा लागला. उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लटकलेला चष्मेवाला तरुण हे कदाचित मूकपटांचं सर्वांत प्रसिद्ध चित्र असेल. तपास करणाऱ्यांनी दाखवून दिलं की घड्याळ आणि भिंत हा रस्त्यालगतच्या खऱ्या इमारतींच्या गच्चीवर बांधलेला देखावा होता. नायक जसजसा वर चढतो तसतशा अधिक उंच इमारतींच्या गच्च्या निवडल्या होत्या. देखाव्याखाली गाद्या घातलेला मंच होता आणि कॅमेरा अशा कोनात ठेवला होता की मंच आणि गच्ची दिसू नयेत, खालचा रस्ता मात्र दिसावा. लांबून दिसणारी चढाई बिल स्ट्रोदर या इमारती चढण्यात पटाईत असलेल्या माणसानं केली. नायकाच्या मित्राचं कामही चित्रपटात त्यानंच केलं आहे. मग लॉइड लबाड ठरला का? चाहत्यांमध्ये उलटच घडलं. एक तर, मंच असला तरी धोका होताच. परीक्षा म्हणून वरून टाकलेला पुतळा मंचावरून उसळून थेट खाली गेला, असं लॉइड सांगत असे. आणि दुसरं म्हणजे १९१९ साली छायाचित्रं काढताना नकली समजून हातात घेतलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. खास बनवलेला हातमोजा घालून तो घड्याळाला लोंबकळतो आहे. हे कळल्यावर दृश्य पुन्हा पाहा. उंचीबद्दलची भीती किंचित उतरते आणि त्या जागी दोन गोष्टी येतात: बोटांकडे लागलेलं लक्ष आणि भीती रचणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलचा आदर. आधीच्या हसण्याहून हे हसू उणं नाही, जास्त जाणतं आहे.

वेगाच्या बाबतीतही हेच. मूकपटातली माणसं तुरुतुरु, धसमुसळी चालतात आणि त्यामुळंच त्यांचं हसू येतं, अशी एक जुनी समजूत आहे. तिचा बराचसा दोष चुकीच्या प्रक्षेपणाचा. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर सेकंदाला सोळा-अठराच्या आगेमागे चौकटी घेतलेला चित्रपट बोलपटाच्या चोवीस चौकटींच्या वेगानं दाखवला की नाटकी प्रसंगसुद्धा हास्यास्पद होतो. पण यावर उतारा म्हणून सगळं ‘नैसर्गिक’ वेगानं दाखवावं म्हटलं तर विनोद मरतो! न्यूयॉर्कमध्ये मूकपटांना साथ करणारा वादक बेन मॉडेल यानं चौकटी मोजून दाखवलं की विनोदी नट ठरवून कॅमेरा हळू फिरवून घेत आणि पडद्यावर हालचाल वेगानं दिसणार हे धरून आपली हालचाल बसवत. लाथ, वळण, तोल जाणं हे सगळं चित्रीकरणाच्या वेळी जपून, थोडं सावकाश केलेलं असे. पडद्यावर त्याला तो अशक्य हलकेपणा येई. वॉल्टर कर या नाट्यसमीक्षकानं १९७५ सालच्या ‘द सायलेंट क्लाउन्स’ या ग्रंथात याच दिशेनं जाणारा मोठा मुद्दा मांडला होता: आवाज नसणं आणि वेग वाढलेला असणं ही उणीव नसून त्यानंच या विनोदाला वास्तवापासून नेमकं अंतर दिलं. कर पेशानं रंगभूमीचा माणूस. या चित्रपटांवर त्याचं प्रेम लहानपणापासूनचं. प्रेमापोटी पुन्हापुन्हा पाहिल्याशिवाय असा मुद्दा सुचत नाही.

चॅप्लिन या मांडणीत बसतो का, असं कुणी विचारेल. तो कीटनसारखा यंत्रांशी झुंजत नाही. त्याचं सारं भावनेत, चेहऱ्यात. तरीही त्याच्याबद्दल सर्वांत मोलाचं जे कळलं ते वाया गेलेल्या फिल्मच्या तुकड्यांवरून. केव्हिन ब्राउनलो हा लहानपणी घरगुती प्रोजेक्टरवर मूकपट पाहत मोठा झालेला इंग्रज. त्यानं आणि डेव्हिड गिल यानं १९८३ साली ‘अननोन चॅप्लिन’ ही माहितीपट-मालिका केली. चॅप्लिननं टाकून दिलेले, कुणी पाहू नयेत अशी त्याची इच्छा असलेले टेक त्यांनी क्रमानं लावले. त्यातून दिसलं की हातात लिखित पटकथा नसताना हा माणूस कॅमेऱ्यासमोर विचार करत असे. ‘द इमिग्रंट’ (१९१७) आधी फक्त एका खाणावळीतली गंमत होती. तिथले नायक-नायिका आले कुठून, या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जहाजावरचा आणि अमेरिकेच्या बंदरावरचा भाग नंतर जन्माला आला. आज ज्याला स्थलांतरितांवरचं भाष्य म्हणून गौरवतात तो अर्धा भाग एका जेवणाच्या बिलाच्या विनोदाला पार्श्वभूमी म्हणून जोडलेला आहे. ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) आंधळ्या फुलवालीला हा भणंग माणूस श्रीमंत कसा वाटावा, या एका प्रश्नावर चॅप्लिन फार काळ अडला होता. उत्तर निघालं ते मोटारीच्या दाराच्या आवाजाचं. मूकपटात न ऐकू येणाऱ्या आवाजावर कथा उभी! हे टेक पाहिल्यावर चॅप्लिनची थोरवी कमी होत नाही. तिची जात बदलते: प्रतिभेचा झटका दिसेनासा होतो आणि पुन्हापुन्हा मोडून बांधणारा कारागीर दिसू लागतो.

पण तपासायला काही शिल्लक तर हवं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९१२ ते १९२९ या काळात तिथं बनलेल्या सुमारे ११,००० दीर्घ मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकलेले फक्त १४ टक्के. बोलपट आल्यावर कंपन्यांना ते निरुपयोगी वाटले. नायट्रेट फिल्म पेटते, कुजते, आणि तिच्यातली चांदी वितळवून विकता येते. विनोदपट त्यातल्या त्यात बरे टिकले, याचं श्रेय पुष्कळ अंशी घरी चित्रपट दाखवणाऱ्या हौशी लोकांना आहे. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टची ‘ब्लॅकहॉक फिल्म्स’ ही कंपनी आठ आणि सोळा मिलिमीटरच्या प्रती टपालानं विकत असे, आणि तिच्या यादीत लॉरेल-हार्डी, चॅप्लिन, कीटन ठळकपणे असत. कपाटांत पडलेल्या अशाच प्रतींतून पुढं चमत्कार घडले. लॉरेल-हार्डींच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मध्ये (१९२७) एका रस्त्यावर कितीतरी माणसं एकमेकांना कस्टर्ड-पाय फेकून मारतात. त्याचं दुसरं रीळ फक्त तुकड्यांत उरलं होतं. २०१५ साली ते जवळपास अखंड सापडलं, तेही एका संग्राहकाच्या संग्रहात. ओळखलं ते पेशानं विषशास्त्रज्ञ आणि हौसेनं मूकपटांना पियानोची साथ करणाऱ्या माणसानं. अख्खं रीळ पाहिल्यावर कळतं की ती नुसती फेकाफेक नाही. प्रत्येक नव्या माणसाला लढाईत ओढणारं एक छोटं, वाजवी कारण आधी दिलेलं आहे. तुकडे पाहून हे कळलं नसतं.

कीटनची गोष्ट याहून मोठी आणि थोडी काळपट. १९२८ साली त्याचं स्वतंत्र युनिट संपलं, तो एमजीएमच्या नोकरीत गेला, दारूत बुडाला, आणि पुढं त्याच स्टुडिओत दुसऱ्यांसाठी विनोद सुचवणारा पगारी माणूस झाला. १९४९ साली जेम्स एजी या समीक्षकानं ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर दीर्घ लेख लिहिला आणि चॅप्लिन, लॉइड, हॅरी लँग्डन यांच्या बरोबरीनं त्याला बसवलं. पण लेखानं चित्रपट मिळत नाहीत. ते मिळाले कीटनच्या जुन्या बंगल्यात, जो तोवर जेम्स मेसन या नटाच्या मालकीचा झाला होता. आणि ते कुजण्याआधी नव्या फिल्मवर उतरवून जगभर दाखवण्याचं काम रेमंड रोहाउअर या लॉस एंजेलिसच्या चित्रपटगृह-चालकानं केलं. १९६२ साली पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयानं कीटनचे चित्रपट एकत्र दाखवले, १९६५ साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. जेमतेम पाच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९६६ रोजी तो गेला. या कथेत रोहाउअर हा नायक असायला हवा. तसा तो नाही. हक्कांचे संशयास्पद दावे आणि त्यांवरून धमक्या, खटले यांसाठी तो बदनाम होता. दुसऱ्या कुणी चित्रपट दाखवले तर आडवा येई. प्रेम आणि मालकी यांची सीमा त्याला कधी कळली नाही. गंमत अशी की ‘अननोन चॅप्लिन’मधले टाकाऊ टेकही बरेचसे त्याच्याच साठ्यातून आले. चाहत्यांचं वेड निर्मळ असतं असा माझा दावा नाहीच. ते कामाचं असतं, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे सारे त्याच तीन-चार देवांची पूजा करतात. त्यात तथ्य आहे. काय थोर हे ठरण्याआधी काय पाहायला मिळतं हे ठरत असतं. लॉइडनं आपल्या चित्रपटांचे हक्क स्वतःजवळ राखले आणि ते टेलिव्हिजनला स्वस्तात दिले नाहीत. परिणामी दोन पिढ्यांना तो घड्याळाच्या एका छायाचित्रापुरताच माहीत राहिला, वास्तविक विसाच्या दशकात त्याचे चित्रपट एकूण मिळून चॅप्लिनपेक्षा जास्त चालले होते. फ्रान्सचा माक्स लँडर हा चॅप्लिनच्याही आधीचा. १९२५ साली त्याचा आणि त्याच्या पत्नीचा दुर्दैवी अंत झाला तेव्हा त्यांची मुलगी मोद तान्ही होती. वडील कोण होते हे तिला फार उशिरा कळलं आणि मग तिनं उरलेलं आयुष्य त्यांच्या रिळांच्या शोधात घालवलं. इटलीत पोर्देनोने इथं १९८२ साली सुरू झालेल्या मूकपट महोत्सवाची पहिली खेप लँडरवरच होती. चार्ली बॉवर्स हा अचाट यंत्रं आणि बाहुल्यांच्या हालचाली यांतून विनोद काढणारा अमेरिकन पार विसरला गेला होता. तुलूजच्या सिनेमातेकच्या रेमों बोर्द यांना फिरत्या खेळवाल्यांकडच्या रिळांत ‘ब्रिकोलो’ एवढंच नाव लिहिलेला नट भेटला आणि तो हाच, हे शोधून काढावं लागलं. मेबल नॉर्मंड तर कीस्टोन या विनोदपट-कंपनीची सर्वांत मोठी तारका. सुरुवातीच्या चॅप्लिनला तिनं दिग्दर्शित केलं होतं, तरी कित्येक वर्षं ती त्याच्या चरित्रातलं एक पात्र म्हणूनच उरली. तिला आणि तिच्याबरोबरच्या स्त्री-विनोदवीरांना परत आणलं तेही याद्या करणाऱ्या, रिळं चाळणाऱ्या लोकांनी. देवपूजेचा दोष चाहत्यांचा असेल, पण देव्हाऱ्याबाहेर पाहणारेही तेच आहेत. विद्यापीठं बहुतेक वेळा त्यांच्या मागून आली.

हा सगळा गतकाळाचा कढ आहे, या तिसऱ्या आक्षेपाला मी फार वेळ देत नाही. ब्राउनलोचा जन्म १९३८चा. त्या वेळी मूकपट संपून दशक होत आलं होतं. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ या लॉरेल-हार्डी चाहत्यांच्या मंडळाच्या शाखा, ज्यांना ते ‘तंबू’ म्हणतात, आज निरनिराळ्या देशांत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांनी लॉरेल-हार्डींना हयात पाहिलेलं नाही. जे अनुभवलंच नाही त्याची हुरहूर लागत नाही.

एका ठिकाणी मात्र ही मंडळी मला अपुरी वाटतात. ‘द जनरल’च्या (१९२६) आगगाड्यांबद्दल, ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ खरं इंजिन नदीत पाडण्याबद्दल ते तासन्‌तास बोलतील. पण चित्रपटामागची खरी घटना अमेरिकेच्या यादवी युद्धातली, १८६२ सालची. मूळ हकीकत उत्तरेच्या सैन्यातल्या छापेखोरांची आहे, आणि कीटननं बाजू उलटवून नायक दक्षिणेचा, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या पक्षाचा, केला. दक्षिणेचे लोक खलनायक म्हणून प्रेक्षकांना चालणार नाहीत, असं त्याचं गणित होतं. ‘सेव्हन चान्सेस’मध्ये (१९२५) चेहऱ्याला काळं फासून नोकर झालेला गोरा नट आहे. यावर ‘तो काळच तसा होता’ एवढं म्हणून पुढं जायचं, हे इतक्या काटेकोर माणसांना शोभत नाही. ज्यांना भिंतीचं वजन विचारावंसं वाटतं त्यांना या विनोदाचं वजन कुणाच्या अंगावर पडलं, हेही विचारता आलं पाहिजे. प्रश्न त्याच जातीचा आहे.

माझ्या म्हणण्याला उभा छेद देणारं एक उदाहरण आपल्या शेजारी आहे. कच्छमधल्या आदिपूर या गावात दर वर्षी १६ एप्रिलला, चॅप्लिनच्या वाढदिवशी, लहान मुलं, बाया, म्हातारे चार्लीचा वेश करून मिरवणूक काढतात. चॅप्लिनच्या नादी लागलेल्या तिथल्या एका वैद्यानं १९७३ साली ‘चार्ली सर्कल’ सुरू केलं. तिथं कुणी चौकटी मोजत नाही, कुणाला कवेंगा ठाऊक नसावं. मग प्रेमाला तपासाची गरज कुठं उरली? पण नक्कल करणं हाही तपासच आहे, आणि कदाचित सर्वांत जुना. पावलं बाहेर फाकवून, ढगळ विजार सावरत, काठीचा तोल राखत चालून पाहिल्यावरच कळतं की त्या चालीत वजन टाचेवर असतं, आणि एका पायावर गिरकी घेत वळताना शरीर थांबवायला किती ताकद लागते. नकाशा घेऊन बसलेला वकील आणि मिशी चिकटवलेलं पोर एकाच गोष्टीचा शोध घेत आहेत. एकजण जागेचा, दुसरा अंगाचा.

भारतीय मूकपटांच्या नशिबी असे लोक फार थोडे आले. घरोघरी प्रोजेक्टर लावून जुने चित्रपट पाहणारा, प्रती विकत घेणारा वर्ग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर नव्हताच. जे केलं ते पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं आणि तिथं पी. के. नायर या एका झपाटलेल्या संग्राहकानं, तेही बहुतेक सगळं जळून, कुजून गेल्यावर. तेराशेच्या आसपास मूकपट बनले, पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून उरले जेमतेम तीसेक. त्यांत विनोदी म्हणावा असा कालिपद दास यांचा बंगाली ‘जमाईबाबू’ (१९३१) सुदैवानं पाहता येतो: खेड्यातला जावई कलकत्त्यात येऊन वाट चुकतो, आणि त्याच्या मागं त्या काळचं शहर दिसत राहतं. चॅप्लिनची छाया त्यावर आहे, पण जावयाची फजिती अस्सल आपली आहे, हे पाहून सांगता येतं. फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट दाखवला होता. त्याबद्दल असं काहीच सांगता येत नाही. त्यात कोण घसरलं, पीठ कुणाच्या तोंडावर उडालं की उडालंच नाही, लोक नेमके कुठं हसले? आपल्याकडे त्याचं फक्त नाव आहे, आणि या जातीच्या विनोदात नावावरून काहीच कळत नाही.